आधी बांडगूळ बघा : कोकणात दुर्मिळ फुलपाखरे आणि पतंग शोधताना

गुहागर तालुक्यातील एका माध्यमिक शिक्षकांनी विचारले आहे की, गेली तीन वर्षे ते दर रविवारी सकाळी सात ते साडेनऊ कॅमेरा घेऊन गावाच्या परिसरात फिरतात. फुलपाखरांच्या ८० प्रजातींची छायाचित्रे त्यांच्याकडे जमली आहेत, पण गेल्या वर्षभरात यादीत फक्त दोन नावांची भर पडली. सदर्न बर्डविंग, मलबार बँडेड पीकॉक आणि ॲटलास पतंग यांपैकी एकही त्यांना अद्याप दिसलेला नाही. दुर्मिळ प्रजातींसाठी कुठे, केव्हा आणि कसे जावे, आणि पतंगांसाठी महागडी साधने लागतात का, असा त्यांचा प्रश्न आहे.

सर, किनाऱ्यालगतच्या एका तालुक्यासाठी ८० नावांची यादी चांगली आहे. ती का अडली याचे उत्तर आपल्या पत्रातच आहे. आपण ठरलेल्या वेळी, ठरलेल्या तीन वाटांनी, चालत फिरता. चालणाऱ्या माणसाला फुलांवर येणारी, उन्हात पंख पसरून बसणारी आणि कमरेच्या उंचीवर उडणारी फुलपाखरे दिसतात. ती दिसून झाली की यादी थांबते. यापुढची नावे मिळवायची असतील तर फुलपाखराचा शोध काही काळ बाजूला ठेवावा, त्याच्या अळीचे झाड शोधावे आणि त्या झाडाखाली थांबावे. मी स्वतः हे उशिरा शिकलो आणि त्यानंतरच्या वर्षांत जे पाहिले त्यातील बहुतेक सर्व असे थांबूनच पाहिले.

'दुर्मिळ' हा शब्द आपण दोन वेगळ्या अर्थांनी वापरतो. काही प्रजाती आपल्या भागात खरोखरच नसतात. सदर्न बर्डविंग आणि मलबार ट्री निम्फ ही पश्चिम घाटातील दमट, दाट जंगलाची फुलपाखरे आहेत. महाराष्ट्रात ती शोधायची तर सिंधुदुर्गात, आंबोलीला किंवा दोडामार्ग तालुक्यात तिलारीच्या बाजूला जावे लागते. (तिलारीच्या जंगलाला २०२० मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला.) गुहागरच्या किनाऱ्यावर आणखी दहा वर्षे फिरूनही ती दिसण्याची आशा धरू नये. बर्डविंगची अळी ईश्वरीच्या वेलीवर वाढते, ज्या वेलीला आपल्याकडे सापसन असेही म्हणतात. त्यामुळे पावसाळा सरल्यावर दोन-तीन दिवसांची सवड काढून तिकडे गेलात, तर ईश्वरीची वेल आणि जवळ फुललेले भूतकेस किंवा पिटकुळी अशी जागा पाहून ठेवा आणि सकाळी ऊन पडल्यापासून तेथेच बसा. बर्डविंग एरवी झाडांच्या शेंड्यांवरून पक्ष्यासारखे निघून जाते. मधासाठी मात्र ते खाली उतरते.

मलबार बँडेड पीकॉकची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण त्याचे झाड आपल्या स्वयंपाकघराशी जोडलेले आहे. त्याची अळी तिरफळाच्या पानांवर वाढते. मी दोडामार्ग तालुक्यात सलग दोन पावसाळे या फुलपाखरासाठी जंगलातील वाटा तुडवल्या आणि दोन वेळा उंचावरून निळसर हिरवी चमक जाताना पाहिली, त्यापलीकडे काही नाही. तिसऱ्या वर्षी मी ज्या घरी उतरत असे त्या घरातील आजी बांगड्याच्या तिखल्यासाठी परसातील तिरफळाचे घोस काढत होत्या. त्यांनी सहज सांगितले, "ह्या झाडार हिरवा पाखरू येता नेहमी." मी त्या झाडापासून दहा पावलांवर दगडावर बसलो. सव्वादहाच्या सुमारास मादी आली. ती कोठेही बसली नाही. पंख सतत फडफडवत कोवळ्या पानाला पुढच्या पायांनी दोन-तीनदा स्पर्श करी, मग पोट वळवून क्षणभर टेकवी आणि पुढच्या फांदीकडे जाई. फुलपाखरांच्या पायांवर चव ओळखणारे संवेदक असतात आणि योग्य पान कोणते हे मादी अशा स्पर्शानेच ठरवते. ती गेल्यावर मी पानाजवळ डोके नेले, तेव्हा फिकट पिवळसर, मोहरीपेक्षा लहान, गुळगुळीत गोल अंडे तेथे होते. दोन पावसाळे मी ज्याच्या मागे धावलो ते फुलपाखरू त्या घरातील माणसांना रोज दिसत होते. तेव्हापासून कोणत्याही गावात गेल्यावर मी आधी घरातील वडीलधाऱ्यांना झाडांविषयी विचारतो.

'दुर्मिळ' शब्दाचा दुसरा अर्थ आपल्या अधिक उपयोगाचा आहे. कित्येक प्रजाती आपल्या वाडीतच राहतात. त्यांची वेळ किंवा उंची आपल्या फिरण्याशी जुळत नाही एवढेच. येथे मी सर्वांत आधी बांडगुळाचे नाव घेईन. कोकणात बांडगूळ नसलेली जुनी आंब्याची बाग सापडणे कठीण. बागायतदाराच्या दृष्टीने ते झाडाचे अन्न-पाणी खाणारे बांडगूळच, आणि ते तोडणे त्याला भागच असते. परंतु हळदीकुंकू म्हणजे कॉमन जेझबेल, गॉडी बॅरन आणि पीकॉक रॉयल या तिघांच्याही अळ्या बांडगुळावर वाढतात. हळदीकुंकू आपल्या यादीत आहे. उरलेली दोन नाहीत. पीकॉक रॉयल आणि त्याचे भाईबंद आपले बहुतेक आयुष्य आंब्याच्या शेंड्यापाशी काढतात, म्हणून खालून जाणाऱ्या माणसाला ते 'दुर्मिळ' वाटतात.

बांडगूळ पाहण्याची पद्धत सांगतो. दहा-बारा फुटांच्या आत हाताशी किंवा दुर्बिणीच्या टप्प्यात येणारे, उन्हाच्या बाजूचे, कोवळी तांबूस पालवी फुटलेले बांडगूळ निवडावे. आठवड्यातून एकदा त्याच बांडगुळाशी वीस मिनिटे घालवावीत. प्रथम पानांच्या कडा पाहाव्यात, कारण कुरतडलेली ताजी कड हिरवी आणि ओलसर दिसते, तर जुनी तपकिरी पडते. ताजी कड दिसली की त्या पानाच्या आणि शेजारच्या दोन-तीन पानांच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. रॉयलच्या अळ्या चपट्या, गोगलगायीसारख्या असतात आणि नजर त्यांच्यावरून सहज निसटते. त्या जागेभोवती मुंग्यांची ये-जा असेल तर जास्त वेळ द्यावा, कारण या कुळातील अनेक प्रजातींच्या अळ्या मुंग्यांना गोड स्राव देतात आणि मुंग्या त्यांच्याभोवती राहतात. याखेरीज आपल्या ओळखीच्या बागायतदाराला बांडगुळे कधी उतरवणार ते विचारून ठेवावे. देवगडजवळच्या एका बागेत खाली पाडलेल्या बांडगुळांच्या ढिगात मला गॉडी बॅरनच्या तीन अळ्या एकाच सकाळी मिळाल्या. त्याआधी त्याच बागेत मी दोन वर्षे मान वर करून फिरलो होतो. त्या अळ्या आम्ही शेजारच्या, न तोडलेल्या बांडगुळावर नेऊन सोडल्या.

अळी दिसण्यासाठी डोळा तयार व्हावा लागतो आणि त्याचा सराव आंब्यावरच करावा. कॉमन बॅरन हे मुळीच दुर्मिळ नसलेले फुलपाखरू आंब्याच्या पानावर वाढते. त्याची अळी हिरवी असते, दोन्ही अंगांना पिसासारखे फांद्या फुटलेले काटे असतात आणि पाठीवरून एक फिकट रेघ गेलेली असते. अळी पानाच्या मधल्या शिरेवर अशी बसते की तिची रेघ शिरेवर तंतोतंत येते आणि काटे दोन्हीकडे पानावर सपाट पसरतात. मग अळीची सावलीच पडत नाही. विद्यार्थ्यांना मी असे पान हातात देतो आणि 'यावर काय आहे' विचारतो. बहुतेकांना ते रिकामे वाटते. ज्याला आंब्यावर बॅरन दिसू लागली त्याला बांडगुळावर गॉडी बॅरन दिसण्यास फार काळ लागत नाही.

अशी आणखी काही झाडे आपल्या वाटेवर असतीलच. आषाढी द्वादशीच्या पारण्याला जिच्या फळांची भाजी करतात ती वाघाटी ग्रेट ऑरेंज टिपची आहे. हे फुलपाखरू वाऱ्यासारखे निघून जाते, पण त्याची मोठी अळी पानावर शरीराचा पुढचा भाग उचलून बसली की हरणटोळ सापाच्या डोक्यासारखी दिसते. सप्तरंगीच्या फळाला छिद्र दिसले तर ते प्लेन नावाच्या लांब शेपटीच्या फुलपाखराच्या अळीचे असू शकते, कारण ती अळी फळाच्या आतच वाढते. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण माजले असतील तर फवारणीपूर्वी भिंगाने पाहावे. एपफ्लायची अळी पाने खात नाही, पिठ्या ढेकूण खाते, आणि तिच्या इवल्याशा कोषावर माकडाचा चेहरा कोरल्यासारखा दिसतो. उत्तर कोकणात मुंबई-ठाण्याच्या खाडीकाठी पिलूची झुडपे आहेत, तेथे स्मॉल सॅमन अरब शोधावे. पिलू सोडून ते लांब जात नाही.

ही पद्धत जुनी आहे. कारवारला वन खात्यात नोकरी केलेले टी. आर. बेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आपल्या सहकाऱ्यांबरोबर, उत्तर कन्नड जिल्ह्यातील फुलपाखरांच्या अळ्या शोधून, पाळून, त्यांची झाडे नोंदवून ठेवली. कोकणाला लागूनच असलेल्या त्या जिल्ह्यातील त्यांच्या नोंदी आजही उपयोगी पडतात.

आता वेळेविषयी. साडेनऊला घरी परतणे हे आपले मोठे नुकसान आहे. पावसाळ्यानंतरच्या दिवसांत साडेनऊ ते बारा ही वेळ उत्तम असते, आणि कातळसड्यावरील उंचवट्याचा माथा पाहायचा तर दुपारी अकरा ते दोन. अनेक प्रजातींचे नर माद्यांची वाट पाहत टेकडीच्या माथ्यावर जागा धरून बसतात, एकमेकांना हुसकावतात आणि पुन्हा त्याच दगडावर किंवा फांदीवर येतात; म्हणून उडून गेलेल्या फुलपाखराच्या मागे न धावता पाच मिनिटे तेथेच उभे राहावे. उन्हाळ्याकडे व्हाळ आटू लागले की ओल्या वाळूवर नर क्षार शोषण्यासाठी जमतात. आपल्या भागात ज्याला पऱ्ह्या म्हणतात त्याच्या शेवटच्या ओलीवर मार्चच्या दुपारी तासभर बसलात तर 'ब्लूबॉटल' आणि 'जे' या फुलपाखरांच्या घोळक्यात एखादे स्पॉट स्वोर्डटेल मिळू शकते.

झाडांच्या शेंड्यांवर राहणारी राजा आणि नवाब ही फुलपाखरे फुलांवर जवळजवळ येतच नाहीत. त्यांना आंबलेले आणि कुजलेले आवडते. काजूच्या हंगामात झाडाखाली सडलेली बोंडे असतात, त्यांच्याकडे दुपारी अवश्य पाहावे. एरवी कुर्लीचे कवच किंवा कोलंबीची साले दोन दिवस डब्यात ठेवून जंगलाच्या कडेला उन्हातील दगडावर मांडावीत. वासाचा त्रास होतो हे खरे, पण ब्लॅक राजा इतक्या जवळून पाहण्याचा दुसरा मार्ग मला माहीत नाही.

संध्याकाळची वेळ तर बहुतेक निरीक्षक सोडूनच देतात. माडा-पोफळींच्या वाडीत दिवस मावळताना जायंट रेडआय बाहेर पडते. हे आपल्याकडील सर्वांत मोठ्या स्किपर फुलपाखरांपैकी एक आहे, त्याचे डोळे लाल असतात आणि ते उजेड असताना क्वचितच उडते. दिवसा त्याची अळी शोधावी: माडाची पाती एकत्र चिकटवून केलेली नळी दिसली की ती हलकेच उघडावी, आत अंगभर पांढऱ्या मेणाचे लांब तंतू असलेली अळी असेल. पाहून झाल्यावर नळी पुन्हा जुळवून ठेवावी.

आपण पाठवलेल्या छायाचित्रांत एक गोष्ट मला आढळली, ती सांगितली पाहिजे. प्लेन टायगर म्हणून नोंदवलेल्या सहा छायाचित्रांपैकी चौथे प्लेन टायगरचे नाही, ती डॅनेड एगफ्लायची मादी आहे. प्लेन टायगर रुईवर वाढते, विषारी असते आणि पक्षी तिला टाळतात. एगफ्लायची मादी तिचेच रूप घेते. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यावर तीन किंवा चार काळे ठिपके असतात, एगफ्लायच्या मादीला ते नसतात. म्हणजे आपल्या यादीत एक्याऐंशीवे नाव आधीपासून होते. यापुढे प्रत्येक प्लेन टायगरचा मागचा पंख पाहावा, आणि क्रिमझन रोझ वाटलेल्या प्रत्येक फुलपाखराचे अंगही पाहावे, कारण कॉमन मॉरमॉनची एक प्रकारची मादी हुबेहूब तशी दिसते. खऱ्या क्रिमझन रोझचे पोट लाल असते, मॉरमॉनचे काळे.

पतंगांकडे वळतो. भारतात फुलपाखरांच्या सुमारे १,३०० प्रजाती आहेत, तर पतंगांच्या १०,००० हून अधिक. त्यामुळे नवे काही सापडण्याची शक्यता येथे कितीतरी जास्त आहे. महागडी साधने लागत नाहीत. पांढरी सुती चादर, दोरी आणि १६० वॅटचा मर्क्युरी दिवा, ज्याला वेगळा चोक लागत नाही, एवढे पुरते. अमावस्येच्या आसपासची, ढगाळ, दमट आणि वारा पडलेली रात्र निवडावी. अनेक मोठे पतंग मध्यरात्रीनंतर येतात, म्हणून दहाला दिवा बंद करू नये. पहाटे मात्र उजाडण्यापूर्वी दिवा बंद करून चादरीवरील सर्व पतंग झुडपांत हलवावेत, नाहीतर कोतवाल आणि बुलबुल त्या चादरीवर न्याहारी करतात आणि आपण बोलावून आणलेले जीव आपल्यामुळे मरतात. जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात, २०१२ पासून, पतंग सप्ताह पाळला जातो. त्या दिवसांत विद्यार्थ्यांना घेऊन शाळेच्या आवारात एक रात्र हा प्रयोग करता येईल. दिवाही नको असेल तर एसटी स्थानकाच्या किंवा पेट्रोल पंपाच्या भिंती पहाटे साडेपाचला पाहून याव्यात.

ॲटलास पतंगासाठी मात्र मी आपल्याला दिव्याऐवजी हिवाळ्यातील दुपार सुचवेन. आपल्याकडील ॲटलास हा दक्षिण भारतातील ॲटॅकस टॅप्रोबॅनिस. प्रौढ पतंगाला खाण्यासाठी तोंडच नसते. अळीने साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम आठवडाभर जगतो. इतक्या अल्प आयुष्यात आपली आणि त्याची गाठ पडणे हा योग असतो, पण कोष कित्येक महिने झाडावर राहतो. अळी कोष विणताना तो पानात गुंडाळते आणि त्या पानाचा देठ रेशमाने फांदीला पक्का बांधते. पानगळ झाली, सर्व वाळकी पाने खाली पडली आणि एकच वाळके, फुगीर पान फांदीला लोंबकळत राहिले, तर ते दुर्बिणीने पाहावे. दालचिनीची झाडे परसात असतील तर त्यांच्यापासून आरंभ करावा. असे पान मिळाले तर ते तोडू नये. पावसाळा सुरू झाल्यावर रोज सकाळी त्याच्यावर नजर ठेवावी. मादी बाहेर पडली तर ती बहुधा तेथेच जवळ बसून राहते आणि तिच्या गंधावर रात्री नर येतात. हीच नजर शेमटावर ठेवल्यास मून मॉथ आणि ऐनावर ठेवल्यास अंड्यासारखा टणक, देठाने फांदीला अडकवलेला टसरचा कोष मिळतो.

हॉक मॉथ या पतंगांच्या अळ्यांसाठी जमिनीकडे पाहावे. सारवलेल्या अंगणात तगरीखाली मिरीपेक्षा मोठी, खाचा असलेली काळपट हिरवी लेंडी दिसली की बरोबर तिच्या वरच्या फांदीवर ओलिअँडर हॉक मॉथची अळी असते. अंगण झाडून तासाभराने पुन्हा पाहिले म्हणजे ताज्या लेंड्यांवरून फांदी नेमकी ठरते.

दोन सूचना सुरक्षिततेच्या आहेत. कातळावर फुरसे असते, म्हणून दगड हाताने उलटू नये आणि रात्री गमबूट व बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये. पानाची खालची बाजू पाहताना आधी काठीने फांदी वळवावी, कारण झुडपात चापडा हा साप असू शकतो आणि माडावरील काही अळ्यांच्या काट्यांनी हात तासन्‌तास चरचरतो. जाळी वापरण्याची आपल्याला गरज नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अनेक फुलपाखरांना संरक्षण दिलेले आहे आणि कर्नाळा, फणसाड यांसारख्या अभयारण्यांत फिरण्यासाठी परवानगी घ्यावी लागते.

नोंदवहीत तारीख आणि नावाबरोबर झाड, वेळ, ऊन-ढग आणि फुलपाखरू काय करत होते ते लिहावे. काही दिसले नाही त्या दिवसाचीही नोंद करावी; त्याच बांडगुळावरील दहा रिकाम्या भेटी लिहिलेल्या असतील तरच अकराव्या भेटीतील अळी कोणत्या महिन्याची हे कळते. जागेबाबत मात्र अतिशय जपावे. काही वर्षांपूर्वी एका रॉयलच्या अळ्या असलेले आंब्याचे झाड मी एका छायाचित्रकारांच्या गटाला विश्वासाने सांगितले. महिन्याभरात त्या झाडाच्या खालच्या फांद्या मोडलेल्या होत्या, बांडगूळ ओरबाडलेले होते आणि बागेच्या मालकाने मलाही येण्यास मनाई केली, जी योग्यच होती. त्या झाडावर मला पुन्हा रॉयल दिसलेले नाही. तेव्हापासून मी अशा नोंदींत तालुक्याचे नाव लिहितो आणि झाडाचे ठिकाण स्वतःजवळ ठेवतो.

सध्या परतीचा पाऊस सरत आला आहे, म्हणजे दिवाळीपर्यंतचे चार-पाच रविवार आपल्या हाती आहेत. नेहमीच्या तीन वाटांपैकी एकच धरा, तिच्यावरील हाताशी येणारी दोन बांडगुळे आणि एक वाघाटी निवडा आणि साडेनऊला परतण्याऐवजी त्या वेळी तेथे पोहोचा. काय दिसले ते, आणि काहीच दिसले नाही तर तेही, तारखांसह मला कळवा.